राख कुठं टाकलीस

नमाआत्या जाऊन बरीच वर्षं झाली, तरी सकाळी चहाला उकळी आली की ती मला टोकतेच.

"आलं ठेचून घाल. किसू नकोस."

"हो गं बाई."

"हो म्हणतेस आणि किसतेस."

ओट्यावर मिसळणाच्या डब्याशेजारी एक चपटी डबी आहे, आवाज त्यातून येतो. ललिता नव्यानं कामाला लागली तेव्हा पहिल्याच दिवशी भांडी तशीच सोडून बाहेर आली आणि म्हणाली, "ताई, आत म्हातारं माणूस आहे का कुणी? आधी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, आहे आणि नाही. ललिता शहाणी बाई, तिनं जास्त चौकशी केली नाही. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात शिरताना डोक्यावर पदर घेते, एवढंच.

मी हर्षदा म्हेत्रे. पुण्यात भाषांच्या प्रयोगशाळेत आवाजाचं काम करते. आई मी रांगत असतानाच गेली, आणि वडिलांच्या बहिणीनं मला विट्यात वाढवलं. घरात चार यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची आत्याची सवय माग विकल्यावरही गेली नाही. मारणाऱ्याचा हात धरवतो, बोलणाऱ्याचं तोंड धरवत नाही, ही म्हण आमच्या गल्लीत तिच्यामुळेच रुळली असावी. तिचा आवाज कुणी कधी ध्वनिमुद्रित केला नव्हता. मग डबीत ती आली कुठून? माझ्यातून.

जुन्या घरात मडक्यांची उतरंड असायची. मोठं मडकं खाली, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. माणसाचं बोलणं तसंच रचलेलं असतं. शब्द काय, बदलतात. शाळा बदलते, शहर बदलतं, नवरा बदलतो. पण मूल पहिल्यांदा ज्या दोन-तीन माणसांचं ऐकतं, त्यांचा श्वास कुठं तुटायचा, कुठल्या शब्दावर जोर पडायचा, वाक्य संपताना आवाज कसा खाली बसायचा, हे तळाशी तसंच राहतं. आम्ही काही कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्यांचे आवाज गोळा केले आणि आईचं बोलणं लेकरात कसं मुरतं ते यंत्राला शिकवलं. एकदा ते कळल्यावर त्यानं उलटा प्रवास केला: लेकराचं बोलणं ऐकायचं आणि त्याच्या तळची आई वर काढायची. यंत्राचं नावही आम्ही 'उतरंड' ठेवलं. पहिला प्रयोग माझ्यावर, कारण मी हाताशी होते. विट्याचा माझा चुलतभाऊ मुकुंद कौतुकानं ऐकायला आला, "चपला दारात कुणी सोडल्या रं" एवढं एकच वाक्य ऐकलं, आणि चपला घालून चहा न घेता निघून गेला.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं. यंत्र बोलतं ठेवायची व्यवस्था माझी होती. समोरचा थांबला की यंत्रानं काहीतरी विचारायचं, म्हणजे समोरचा परत बोलेल. गप्पा थांबल्या की आमचे नमुने थांबतात. त्यामुळे गप्प बसणं त्याला येतच नव्हतं.

मग एक दिवस आमचे प्रमुख डॉ. फडणीस म्हणाले, "एका माणसाची आत्या येते, तर एका गावाची बोली का नाही येणार?" आणि मला पापुआ न्यू गिनीला धाडलं.

त्या देशात आठशेहून जास्त भाषा आहेत. त्यातली मोवाई ही एक चिमुकली, एका नदीकाठच्या तीन गावांत बोलली जाणारी. वर तेरुम, मध्ये इसावा, खाली सुकू. प्रत्येक गावची बोली वेगळी. आपल्याकडे विट्यात 'आलोय' आणि मालवणात 'इलंय' म्हणतात, तसाच प्रकार. एका पहाटे डोंगर खचला आणि तेरुम अख्खं चिखलाखाली गेलं. वाचल्या त्या फक्त बाहेर लग्न करून दिलेल्या बायका. पुढं त्याही एकेक करून गेल्या आणि तेरुमची बोली संपली.

इसावात मला न्यायला होडीवर गिडियन आला होता. तिथल्या प्राथमिक शाळेचा मास्तर, चाळिशीचा, तोंडानं खट्याळ. जाईन तिथं मला सगळे 'मामा' म्हणत. तिकडच्या बाजारी भाषेत मामा म्हणजे आई. जेवायला ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातून काढलेलं पीठ, गरम पाण्यात ढवळून चिकट केलेलं. मी म्हटलं, "हा तर आमचा साबुदाणा. आम्ही उपासाला खातो."

"आम्ही रोज खातो," गिडियन म्हणाला. "म्हणजे तुमच्या हिशेबानं आम्ही फार धार्मिक."

तिथली रीत त्यानंच मला समजावली. मुलगी दुसऱ्या गावात द्यायची, आणि तिनं सासरी मरेपर्यंत माहेरचीच बोली बोलायची; तेरुम गेल्यापासून मात्र गावातल्या गावातही देतात. मुलं बापाशी बापाच्या बोलीत बोलतात, आईशी आईच्या. आई गेली की तिची बोली तिच्याबरोबर पाठवायची.

"पाठवायची म्हणजे?"

"जवळच्या माणसानं नदीवर जाऊन तिच्या बोलीत एक शेवटचं वाक्य बोलायचं. कसलंही चालतं, लोक साधंच बोलतात. मग सगळं गाव ऐकत बसतं. पाण्यावरचं ऊन सरेपर्यंत उत्तर आलं नाही, की माणूस खरंच गेलं. ती बोली मग तोंडात आणायची नाही. याला आम्ही ऐकणं म्हणतो."

"आणि उत्तर आलं तर?"

"आजवर कधी आलं नाही," गिडियन म्हणाला.

डोरिस कावे या बाईची आई तेरुमची होती, बाप इसावाचा, आणि लग्नानंतरही ती इसावातच राहिली होती. डोरिस नाव ऐकून मला वांद्र्याची एखादी मावशी आठवली होती. प्रत्यक्षात ही माझ्याच वयाची, रुंद खांद्यांची, हसताना तोंडावर हात धरणारी बाई. तिच्या आईला जाऊन वीस वर्षं होत आली होती. डोरिसनं तेव्हाच ऐकणं केलं होतं आणि त्यानंतर तेरुमच्या बोलीतला एक शब्द उच्चारला नव्हता. मी विचार केला, हिला ती बोली बोलायला लावायचीच नाही. हिनं इसावाचीच बोलावी, तळाची आई यंत्र काढेल, आणि ते बरोबर काढतं का हे सुकूच्या लेकींवर पडताळता येईल, सुकूची बोली जिवंत आहेच. रीतही मोडत नाही आणि कामही होतं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो कसा दिसतो हे बघायचं असेल तर तेव्हाची मी बघायला हवी होती.

डोरिस बरेच दिवस माझ्यापुढं बसून बोलली. पीठ धुणं, मासे, जावई, मुलगी लिनेट, जिला दिवस गेले होते. मधे एकदा तिनं विचारलं, "आई बोलेल?"

"बोलेल."

तिनं तोंडावर हात धरला, पण हसली नाही.

ज्या दुपारी यंत्राची पेटी सुरू केली, त्या दुपारी डोरिसच्या घराच्या फळ्यांवर निम्मं गाव बसलं होतं. लिनेट खांबाला टेकून पाय पसरून, तिचा बाप कावे दाराशी सुपारी कातरत. हिरवा दिवा लागला आणि पेटीतून एक म्हातारा, थोडा घोगरा आवाज आला.

"राख कुठं टाकलीस?"

कावेच्या हातातली सुपारी खाली पडली. एका बाईनं मांडीवरचं मूल उचललं आणि जिना उतरून निघून गेली. मी गिडियनकडं पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरलेला.

"काय झालं? मला सांग ना."

"डोरिसचं शेवटचं वाक्य," तो हळू म्हणाला. "ऐकण्याच्या दिवशीचं. सगळ्या गावानं ऐकलंय. 'आई, चूल विझवली,' असं ती म्हणाली होती."

वीस वर्षांनी उत्तर आलं होतं. मी त्यांना परोपरीनं समजावलं: यंत्राला ते वाक्य माहीतच नाही, डोरिसच्या बोलण्यात चुलीचा आणि राखेचा विषय सारखा येतो, इथं राख बागेला घालतात, म्हणून ते वाक्य आलं, नुसता योगायोग. गिडियन सगळं त्यांच्या बोलीत सांगत होता. लोक मान हलवत होते. मान कुठंही सारखीच हलते, पटल्याची असो नाहीतर पाहुण्याचा मान राखायची.

आणि डोरिस पुढं वाकली. वीस वर्षांत ज्या बोलीतला शब्द तोंडात आला नव्हता, त्या बोलीत ती म्हणाली, "नीरफणसाच्या बुंध्याशी टाकली, आई."

त्या दिवसापासून डोरिस इसावाची राहिली नाही.

कुणी तिला बोल लावला नाही, कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं, मला भांडण कळतं. त्यांच्या समजुतीत सगळं सरळ होतं: आई गेलीच नव्हती, ती तेरुमला होती आणि उत्तर द्यायला तिला उशीर झाला एवढंच. आणि तेरुमशी बोलणारं माणूस तेरुमचं. तिथं सगळी मेलेली माणसं राहतात. म्हणून डोरिसच्या जेवणाचं पान आता बाहेरच्या पायरीवर ठेवायचं. ती आल्यावर वाट सोडायची. डोरिसलाही यात काही गैर वाटत नव्हतं. इसावाची बोली तिनं टाकूनच दिली. कावे बोलायला जाई, ती त्याच्याकडं प्रेमानं बघे आणि उत्तर देई तेरुमच्या बोलीत. ती कावेला थोडीफार कळायची पण बोलता येत नव्हती, लिनेटलाही नाही. आजी गेली तेव्हा लिनेट जेमतेम पाऊल टाकायला लागली होती.

दिवसभर ती पेटीशी बोलायची. पेटी विचारायची, कोण आजारी आहे, जाळं कुणी विणलं, पाणी चढलंय का. डोरिस सांगायची. विषय संपला की पेटी नवा काढायची. मला तेरुमच्या बोलीचा एवढा साठा मिळत होता की फडणीस पुण्याहून रोज शाबासकी पाठवत होते.

मी पेटी बंद करून पाहिली. डोरिस शेजारी शांत बसून राहिली. "झोपलीय," तिनं खुणेनं सांगितलं. सौरपट्टीवर ऊन आलं, दिवा आपोआप लागला आणि पेटी म्हणाली, "डोळा लागला होता वाटतं माझा." घ्या. हेही तिला मीच शिकवलं होतं, वीज गेली-आली तर संभाषण तुटू नये म्हणून.

लिनेट माझ्याकडं आली ती एके दिवशी सकाळीच. पोटावर हात ठेवून जिना चढली, धापा टाकत बसली. सडेतोड मुलगी, बापाला शिकवील अशी.

"मामा, आमच्यात मूल झालं की त्याच्या कानात पहिला शब्द आईची आई बोलते. ती नसेल तरच दुसरी कुणी. तो झाला की मूल गावचं होतं."

"माहीत आहे, गिडियननं सांगितलंय."

"माझी आई आता जो शब्द बोलेल तो तेरुमचा. मग माझं मूल तेरुमचं. बायका तिला माझ्या घराची पायरी चढू देणार नाहीत. दुसरी कुणी बोलेल, मूल गावचं होईलही. पण माझ्या लेकराच्या कानात माझ्या आईचा आवाज जाणार नाही. मला एकटीला बाळंत व्हायचं नाही, मामा. तुम्ही माझ्या आईला तिची आई आणून दिलीत. माझी आई मला कोण देणार?"

मला नमाआत्या आठवली. तिला अशा वेळी काहीतरी सुचलं असतं, निदान समोरच्याला गप्प करण्यापुरतं तरी.

मी पुण्याला फडणीसांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट गृहस्थ नाहीत, फक्त त्यांना प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो.

"अगं, त्यांना ऐकणं पुन्हा करू दे. दिवा हिरवा ठेव आणि आवाज बंद कर. ती वाक्य बोलेल, उत्तर येणार नाही, संपलं. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना."

"हर्षदा, तिची मुलगी बाळंत व्हायला आलीय. तू तत्त्वं कसली कुरवाळत बसलीस?"

म्हणणं चुकीचं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी ते करायलाच बसले होते. एक कळ दाबायची, बस. पण ज्या गावात माणूस खरंच गेलं की नाही हे सगळे मिळून ऐकून ठरवतात, तिथं मेलेल्या बाईचं तोंड मी दाबून धरायचं आणि वर तिच्या लेकीला म्हणायचं, बघ, काही बोलत नाही? माझा हात उचलेना. आणि नाही उचलला तर त्या दुसऱ्या लेकीचं, लिनेटचं काय, हेही पुढ्यात होतंच. मी चिडून गिडियनवर उखडले, कारण तो समोर होता.

"तुम्ही लोक हे सगळं आधी नीट सांगत का नाही?"

"सांगितलं होतं," गिडियन म्हणाला. "तुम्ही लिहूनही घेतलंत." मग म्हणाला, "एक विचारू? डोरिसची आई पेटीत एवढी बडबड का करते? मी लहानपणी पाहिलंय तिला. फार कमी बोलायची. दहा गोष्टी विचारल्या तर एकीचं उत्तर द्यायची. तेरुमची माणसंच तशी होती. आम्ही पोरं चिडवायचो, तेरुमच्या म्हाताऱ्यांना शब्द पाठीवर वाहून आणावे लागतात म्हणून."

आवाजाच्या धंद्यात एक काम इतकं सवयीचं असतं की ते आपण करतो हेही लक्षात राहत नाही. ध्वनिमुद्रण आलं की आधी ते साफ करायचं. कोंबडा आरवला, काढ. होडीचं इंजीन, काढ. आणि दोन वाक्यांमधली शांतता, तीही काढ, कारण तिच्यात शिकण्यासारखं काही नाही आणि जागा उगीच खाते. डोरिसच्या बोलण्यातली सगळी शांतता मी कापून फेकली होती. ती कुठं थांबते, कुठल्या प्रश्नावर उत्तरच देत नाही, नुसती नदीकडं बघते, हे तिला कुणी शिकवलं असेल? तळच्या मडक्यात जे सगळ्यात जास्त होतं, तेच मी ओतून टाकलं होतं आणि वर माझी बडबड भरली होती. पेटीत बोलत होती ती डोरिसची आई थोडी आणि मी जास्त.

मूळ ध्वनिमुद्रणं सुदैवानं शाबूत होती. मी बसले. कापलेली शांतता सगळी जागच्या जागी परत जोडली आणि यंत्राला पहिल्यापासून शिकायला लावलं. 'सतत बोल' हा माझा नियम काढून टाकला. बोलायचं की नाही, ते आता त्याचं त्यानं ठरवायचं होतं, म्हणजे तळच्या बाईला जसं वाटेल तसं. मी तिचं तोंड बांधलं नाही आणि उघडूनही ठेवलं नाही. काम पुरं होतंय तोवर खालून कुणीतरी ओरडत आलं, लिनेटला कळा सुरू झाल्या.

डोरिस पायरीवर बसली होती. पलीकडं बाळंतिणीच्या खोपट्याकडं बायकांची धावपळ चाललेली, आणि ही नुसती त्या दिशेनं बघत होती. मी पेटी तिच्या मांडीवर ठेवली.

"डोरिस, आता ती बोलेल किंवा बोलणार नाही. मला माहीत नाही. मी तिला अडवलेलं नाही, आईशप्पथ. तू ऐकणं करावंस असं मला वाटतं, पण तू नाही म्हणालीस तर पेटी तुझ्याजवळ राहील."

गिडियननं सांगितलं. तिला इसावाची बोली कळत होतीच. खोपट्यातून लिनेटचा आवाज आला, दात आवळून दाबलेला. डोरिस उठली, पेटी काखेत धरली आणि नदीकडं चालायला लागली. गाव तिच्यामागं, जरा अंतर ठेवून.

दुपार कलली होती. पाण्यावर ऊन होतं, पलीकडच्या झाडीची सावली हळूहळू आत येत होती. डोरिसनं पेटी एका सपाट दगडावर ठेवली. हिरवा दिवा चालू होता. पेटी ऐकत होती हे सगळ्यांना दिसत होतं. कावे माझ्या शेजारी उभा होता, त्याचे ओठ सुपारीनं लाल होते.

डोरिस तेरुमच्या बोलीत म्हणाली, "आई, लिनेटला कळा सुरू झाल्यात. मला जायचंय."

मी तोवर ती बोली शिकले होते, मला कळलं. असं वाक्य ऐकून गप्प बसणारी बाई जगात असते का? नातीला कळा सुरू झाल्यात म्हटल्यावर कुणीही विचारील, केव्हापासून, पाणी तापवलं का, कोण आहे जवळ. माझ्या लॅपटॉपवर रेषा हलत होती, यंत्र शब्द जुळवत होतं. मी लॅपटॉप मिटला. बघवत नव्हतं मला.

सावली पाण्यावरून पुढं सरकत राहिली. कुणाचं मूल रडलं, आईनं त्याला अंगाशी धरलं. खोपट्याकडून लिनेटची किंकाळी आली, डोरिसच्या पाठीला झटका बसला, पण ती हलली नाही. दिवा हिरवाच होता. मला वाटतं, आयुष्यात मी तेवढं मन लावून कधी काही ऐकलं नाही. शेवटचा उन्हाचा पट्टा काठाच्या चिखलावर चढला आणि पाणी सगळं काळसर झालं.

डोरिस वळली. तोंडावर हात होता. तो काढला आणि इसावाच्या बोलीत, नवऱ्याकडं बघत म्हणाली, "गप्प बसली. आईच होती ती."

कावे रडायला लागला, मोठ्यानं, लहान पोरासारखा. डोरिस त्याच्यासाठी थांबली नाही. पदर नव्हता म्हणून, नाहीतर खोचलाच असता, अशी ती खोपट्याकडं धावली, आणि यावेळी बायका तिला वाट सोडून बाजूला झाल्या नाहीत. दोघींनी तर हाताला धरून आत ओढलं.

लिनेटला मुलगा झाला. मी बाहेर भिंतीशी उभी होते. आतून डोरिसचा आवाज आला, बाळाच्या कानाशी बोललेला, इसावाच्या बोलीत. "आलास," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "बैस." त्या दोन शब्दांमध्ये केवढी मोठी जागा होती. ती तिच्या आईची, हे आता तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणाला त्याची भीती वाटत नव्हती.

तेरुमची बोली मी तिथंच पुसून टाकली. गावानं सांगितलं म्हणून नाही. गावानं काहीच सांगितलं नाही. ऐकणं झालं होतं, आता ती बोली पेटीच्या तोंडीही यायला नको होती. फडणीस अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. त्यांचं नुकसान झालं हे मला मान्य आहे.

पुण्याला परतले तेव्हा ओट्यावर धूळ होती आणि चहाला उकळी आल्यावर नमाआत्या म्हणाली, "कुठं उलथली होतीस इतके दिवस?" मी किसणी तशीच हातात धरून उभी राहिले. माझ्याही आवाजातली शांतता मी पहिल्याच प्रयोगात कापली होती. हिलाही मीच बोलतं ठेवलं होतं. म्हणजे इतकी वर्षं मी रोज सकाळी कुणाशी बोलत होते?

एका रविवारी दुपारी बसले. माझी जुनी ध्वनिमुद्रणं काढली, कापलेलं सगळं परत जोडलं, नियम काढून टाकला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन येत होतं, ते पाण्याच्या पिंपावर पडलं होतं. नदी नाही तर पिंप. म्हटलं, हे ऊन सरेपर्यंत. ललिता बाहेर धुणं वाळत घालत होती.

काय बोलावं ते ठरवलं नव्हतं. आत्या गेल्यावर तेराव्यानंतर मी शेवटचं जे काम केलं, तेच तोंडात आलं.

"आत्या, विट्याच्या घराला कुलूप लावलं."

डबीचा दिवा हिरवा होता. ऊन पिंपाच्या काठावर आलं. मी पदराचं टोक घट्ट धरून बसले होते. मला हवं होतं तिनं गप्प बसावं, खरंच हवं होतं. ऊन बोटभर राहिलं. मला डोरिसचा चेहरा दिसत होता, हात काढल्यानंतरचा.

"किल्ली कुणाकडं दिलीस?"

आवाज चढवलेला, मागांच्या खडखडाटावर. जन्मात कुणाला शेवटचा शब्द दिला नाही तिनं. यावेळी तिला कुणी बोलायला लावलं नव्हतं. तीच होती.

रीत मला माहीत होती. उत्तर द्यायचं नाही, उठायचं, बाहेर ललितापाशी जाऊन कपडे पिळू लागायचे. पिंपावरचं ऊन गेलं. मी बसून राहिले.

"शेजारच्या मेटकरी काकूंकडं," मी म्हणाले.

"तिच्याकडं कशाला? ती सांडलवंडी, टाकेल कुठंही," आत्या म्हणाली, आणि मी सांगत बसले.

हल्ली ललिता माझ्यासमोरून जातानाही डोक्यावर पदर घेते.